बिनआईचं, पण अनाथ नव्हे

पालीच्या पिल्लाला आई लागत नाही. सरड्याच्या नाही, सापसुरळीच्या नाही आणि घोरपडीच्याही नाही. एवढी साधी गोष्ट घराघरांत पोचली असती, तर नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत पावसाळ्याच्या तोंडावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडण्याचा जो कार्यक्रम चालतो, तो बराचसा टळला असता. न्हाणीघरात, कुंडीमागे, पायपुसण्याखाली एक इवलंसं पिल्लू सापडतं. ते एकटं असतं. त्याला पाहून घरातल्या कुणाच्या तरी पोटात कालवतं आणि मग त्याला 'वाचवण्याची' मोहीम सुरू होते. वाचवायचं कशापासून, हे सहसा कुणी विचारत नाही.

पालीची मादी एका वेळी दोन पांढरी, कडक कवचाची अंडी घालते. त्यासाठी भिंतीवरच्या फोटोमागची फट, ट्यूबलाइटची पट्टी, स्विचबोर्डाचा आतला कोपरा, माळ्यावरचा रद्दीचा गठ्ठा असं काहीही तिला चालतं. अंडी घातली की तिचं काम संपलं. दीड-दोन महिन्यांनी कवच फोडून जे बाहेर येतं ते बोटाच्या दोन पेरांएवढं असतं, पण त्यात काही कमी नसतं. ते भिंत चढतं, छतावर उलटं चालतं, चिलटं पकडतं आणि प्रसंग आला तर शेपूट टाकून पसार होतं. अंड्यातला उरलेला बलक पोटात घेऊनच ते बाहेर पडतं, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस काही मिळालं नाही तरी त्याचं अडत नाही. बागेतल्या सरड्याची मादी पावसाने मऊ झालेल्या मातीत खड्डा करून दहा-वीस अंडी घालते, वरून माती दाबते आणि चालू लागते. घोरपड जास्त कष्ट घेते. जमिनीत किंवा वारुळात अंडी पुरल्यावर ती आजूबाजूला फसवे खड्डे उकरून ठेवते, म्हणजे चोर चुकावा. पण तीही तिथे थांबत नाही. ती अंडी फुटायला कित्येक महिने लागतात आणि फुटतात तेव्हा आई कुठे आहे हे पिल्लांना ठाऊक नसतं, आईलाही पिल्लांचं काही ठाऊक नसतं. सरपटणाऱ्यांमध्ये मगर वेगळी. ती पिल्लांचा आवाज ऐकून घरटं उकरते, त्यांना जबड्यात धरून पाण्यात सोडते. पाली-सरड्यांच्या कुळात अशी आई विरळा.

आपली दया मात्र सस्तन प्राण्यांच्या घरात वाढलेली आहे. मांजरीचं पिल्लू, कुत्रीचं पिल्लू, गाईचं वासरू या सगळ्यांच्या बाबतीत 'आई कुठाय?' हा प्रश्न बरोबर आहे, कारण आई नसेल तर ते मरतं. तोच प्रश्न आपण पालीच्या पिल्लाला लावतो, त्याचं उत्तर 'आई नाही' असं येतं आणि ते पिल्लू आपल्या लेखी अनाथ ठरतं. अनाथ ठरलं की आपण आपोआप पालक होतो. पुढच्या बहुतेक चुका या एका नेमणुकीतून होतात, असं माझं मत आहे.

अर्थात हा डब्यांचा संप्रदाय अल्पसंख्य आहे. बहुसंख्य लोक अजून केरसुणीवाले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिंतीवर पाल दिसली तर लक्ष्मी आली म्हणून आजी हात जोडतात. त्याच संध्याकाळी केरसुणीलाही लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहिलेलं असतं. पाडव्याच्या सकाळी एका लक्ष्मीने दुसरीला झोडपण्याचं काम पुन्हा सुरू. त्याआधी दिवाळीच्या साफसफाईत फोटोंच्या चौकटींमागची अंडी कचऱ्याच्या सुपलीत गेलेली असतातच. पाल अंगावर कुठे पडली म्हणजे काय फळ मिळतं, याची कोष्टकं पंचांगांत छापली गेली. दुधात पाल पडली की सारं घर विषबाधेने जातं, ही कथा प्रत्येक गावाला आपल्याच शेजारच्या गावात घडलेली वाटते. वस्तुस्थिती एवढीच की माणसाचा जीव घेईल अशी विषारी पाल, सरडा वा घोरपड भारतात नाही. पालीच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात, म्हणून तिला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तिने तोंड लावलेलं अन्न टाकून द्यावं. भीतीची खरी मात्रा इतकीच.

घोरपडीच्या पिल्लाचे हाल तर अधिक. मोठी घोरपड मातकट, पण पिल्लाच्या अंगावर पिवळसर ठिपके आणि पट्टे उठून दिसतात. त्यात ते दुभंगलेली जीभ सापासारखी बाहेर काढतं. उत्तर भारतात अशा पिल्लांना 'बिसखोपडा' म्हणून भयंकर विषारी समजतात आणि दिसेल तिथे ठेचतात. आपल्याकडेही बांधकामावर ते निघालं तर आधी फावडं उचललं जातं, मग चौकशी होते. घोरपड मोठी झाली तरी सुटत नाही. सांधेदुखीवर म्हणून तिचं तेल विकलं जातं. २०१७ मध्ये 'हाताजोडी'चं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा तर सुशिक्षितांचीही अब्रू गेली. तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो अशी ख्याती असलेली, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ही 'दुर्मीळ मुळी' ऑनलाइन दुकानांतून राजरोस विकली जात होती. तपासणीत ती घोरपडीच्या नराची वाळवलेली जननेंद्रियं निघाली.

हे सगळं आजूबाजूला चालू असताना एखादी मुलगी पिल्लू तळहातावर घेऊन 'याला काय खायला देऊ?' असं विचारते, तेव्हा तिला हसायची माझी तरी प्राज्ञा नाही. ज्या घरात पणजीने पाल झोडपली, आजीने झोडपली, तिथे चौथ्या पिढीने ती उचलून घेतली ही साधी गोष्ट नव्हे. केरसुणीवाल्यांवर लेख लिहून उपयोग होत नाही, ते लेख वाचत नाहीत. डबेवाले वाचतात. म्हणून हे भांडण त्यांच्याशी आहे आणि ते आपल्या माणसांशी असलेलं भांडण आहे.

डब्यात काय होतं ते पाहू. पहिल्या तासात दुधात बुडवलेला कापूस येतो. मग भाताचं शीत, पावाचा चुरा, उकडलेल्या अंड्याचा कण. पाल यातलं काहीही खात नाही. तिला हलणारा, जिवंत किडा लागतो, तोही तिच्या तोंडात मावेल असा. खात नाही म्हटल्यावर काडीने तोंड उघडून भरवण्याचा प्रयोग होतो आणि जबडा दुखावतो. कुणीतरी सांगतं, याला ऊन लागतं. मग काचेची बरणी खिडकीत ठेवली जाते. पालीला आपल्यासारखं शरीराचं तापमान आतून सांभाळता येत नाही. ते सांभाळण्याची तिची एकच रीत आहे, उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाणं. बरणीत ती वाटच बंद होते आणि मार्चच्या उन्हात काही मिनिटांत बरणीची भट्टी होते. या पहिल्या दिवसातून निभावलेलं पिल्लू पुढे महिनाभर राहिलं, तर वेगळा आजार वाट पाहत असतो. अतिनील किरणं आणि कॅल्शियम नीट मिळालं नाही की बंदिवासातल्या सरड्यांची हाडं मऊ पडतात, जबडा लुळा होतो, पाय वाकतात. दिवसा ऊन खाणाऱ्या सरड्या-घोरपडींना हा त्रास विशेष. प्राणिसंग्रहालयांना आणि अनुभवी पाळणाऱ्यांनाही तो टाळायला बरीच धडपड करावी लागते, मग आपल्या श्रीखंडाच्या डब्याची काय कथा.

आणखी एक गैरसमज होतो. पिल्लू हातावर शांत बसलं की 'माणसाळलं' म्हणून सगळे हरखतात, व्हिडिओ काढतात. ते बहुधा घाबरून थिजलेलं असतं, नाहीतर गारठलेलं. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे उतरतो हे नाशिककरांना सांगायला नको. अशा सकाळी ओट्यावर निपचित पडलेली पाल आजारीच असेल असं नाही. ऊन वर आलं की ती आपसूक चालू लागते. तिला उचलून, चोळून, हीटरपुढे धरण्याची गरज नसते.

इंटरनेटवर शोधलं की ढीगभर सल्ले मिळतात, तेही दिशाभूल करतात. कारण ते बहुतेक लेपर्ड गेकोसारख्या, पाळण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केलेल्या पालींबद्दल असतात. त्यांना वर्षानुवर्षं काचपेटीत ठेवायचं असतं, आपल्याला एक रात्र काढायची असते. तो सल्ला घेऊन माणूस पेटी आणतो, दिवा आणतो, वाळू आणतो आणि इतका खर्च केल्यावर पिल्लाला जाऊ द्यायला त्याचं मन घेत नाही.

मग मदत करूच नये का? करावी. पण कारण शोधून करावी. एकटेपणा हे कारण नाही. उंदरांसाठी ठेवलेल्या गोंदाच्या पुठ्ठ्यावर चिकटलेली पाल हे कारण आहे, आणि आपल्या शहरी घरांत ते नेहमी दिसतं. त्या पुठ्ठ्यावर अडकलेला जीव उपाशी, तहानलेला, तासन्‌तास झगडत मरतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने त्याविरुद्ध सूचना काढल्या आहेत, तरी तो दुकानात मिळतोच. पिल्लू चिकटलेलं दिसलं तर ओढू नये, शेपूट तुटते आणि कातडी निघते. खाण्याचं तेल बोटाने हळूहळू कडेने सोडत राहावं, गोंद सुटतो. नंतर कोमट पाण्याच्या ओल्या कापडाने तेल टिपावं. बादलीत किंवा बेसिनमध्ये पडलेलं पिल्लू असेल तर एक जुनं फडकं कडेवरून आत सोडावं, ते स्वतःच वर येतं, हात लावायचीही गरज पडत नाही. मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू मात्र जखम दिसली नाही तरी धोक्यात असतं, कारण मांजराच्या दातांतले जंतू आत गेलेले असतात. तिथे जनावरांचे डॉक्टरच हवेत. आणि रंगकामात कपाट हलवताना अंडी सापडली तर ती ज्या बाजूने वर होती त्याच बाजूने वर ठेवून, न फिरवता, दुसऱ्या सावलीच्या फटीत सरकवावीत. कोंबडीची अंडी उबवताना फिरवत राहावी लागतात, पालीची फिरवली तर आतला जीव दगावू शकतो.

रात्रीपुरतं ठेवणं भागच पडलं, तर हवेसाठी भोकं पाडलेला डबा, त्यात लपायला चुरगळलेला कागद, भिंतीवर पाण्याचे दोन-चार थेंब, अंधारी आणि निवांत जागा. थेंब चाटून पाल पाणी पिते. खायला काही घालू नये. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहू नये. ही काळजी कंटाळवाणी आहे, तिच्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच ती योग्य असण्याची शक्यता जास्त.

नाथांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. काशीहून रामेश्वराकडे गंगेची कावड नेत असताना तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि एकनाथांनी ती गंगा गाढवाच्या तोंडात ओतली. या गोष्टीतला एक भाग आपण कधी बोलून दाखवत नाही, कारण तो सांगण्यासारखा वाटत नाही. नाथांनी त्या गाढवाला पैठणला घरी नेऊन दावणीला बांधलं नाही. तहान भागली, गाढव उठलं आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. आपल्या परंपरेतली भूतदया इतकी मोकळी होती. आपण मात्र दया केली की तिच्या मोबदल्यात प्राणी मागतो.

इथे एक कबुली आवश्यक आहे, माझी नव्हे, सगळ्याच पिल्लू-वाचवूंच्या वतीने. एका पिल्लाला गोंदातून सोडवल्याने पालींच्या जातीचं काही भलं होत नाही. निसर्गाने घोरपडीला वीसेक अंडी दिली तीच मुळी यासाठी की त्यांतली बहुतेक मुंगसं, साप, शिक्रे, खाटीक, कुत्री आणि मोटारींच्या वाट्याला जावीत. म्हणजे आपण वाचवलेलं पिल्लू उद्या सकाळी भारद्वाजाच्या चोचीत असू शकतं. भूतदया आणि वन्यजीव संरक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की दोन्ही बिघडतात. पहिली समोरच्या एका जिवाशी बांधलेली असते, दुसरी जागेशी आणि संख्येशी. पिल्लाला सोडवणं ही सभ्यता आहे, तेवढ्यावर तिचं मोल पुरेसं आहे. त्याला 'पर्यावरण वाचवलं' असं म्हणू नये, इतकंच.

पिल्लू घरी ठेवू नये, या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप हेमलकशाहून येतो. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात गेले. पोटासाठी शिकार करणाऱ्या माडिया गोंडांनी आई मारली की मागे उरलेली पिल्लं त्यांनी धान्य, कपडे देऊन मागून घेतली आणि वाढवली. बिबटे, अस्वलं, माकडं, साप सारेच तिथे घरचे झाले. त्यांच्या 'रानमित्र' पुस्तकाने मराठी घरांत ही जवळीक पोचवली. तेव्हा रानातल्या पिल्लाला घर देणं चूक कसं, असं कुणी विचारलं तर ते रास्त आहे. पण हेमलकशाच्या पिल्लांची आई खरोखर गेलेली होती, ती पिल्लं बहुतेक सस्तन आणि परावलंबी होती, आणि त्यांना परत नेऊन सोडण्याची वाट उरली नव्हती. तिथे जन्मभराची जबाबदारी घेतली गेली, एका सुट्टीपुरती नव्हे. आमट्यांचं उदाहरण देणाऱ्याने आधी आपल्या पिल्लाला या तीन कसोट्या लावाव्यात. पालीचं पिल्लू पहिलीलाच नापास होतं.

दुसरं उदाहरण उत्तर प्रदेशातलं, आणि ते मला जास्त अस्वस्थ करतं. अमेठी जिल्ह्यातल्या एका तरुणाला जखमी सारस सापडला. त्याने उपचार केले, पक्षी बरा झाला, उडू लागला, आणि तरीही त्याच्या मोटारसायकलमागे उडत राहिला. पिंजरा नव्हता, दोरी नव्हती. मार्च २०२३ मध्ये वन विभागाने पक्षी ताब्यात घेतला, आधी समसपूरच्या अभयारण्यात आणि नंतर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेला, तरुणावर गुन्हा नोंदवला. देश दोन गटांत वाटला गेला. कायदा निर्दय आहे असं बहुतेकांना वाटलं, मलाही त्या पिंजऱ्यातल्या सारसाची चित्रफीत पाहून तेच वाटलं. तरी विचार केला की दिसतं, चूक शेवटी झाली तशी सुरुवातीलाही झाली होती. पहिल्याच आठवड्यात योग्य ठिकाणी कळवलं असतं, पक्षी त्याच शेतात, माणसांची फार ओळख न होता बरा झाला असता, तर ना तरुणाला गुन्हेगार व्हावं लागलं असतं, ना सारसाला कैदी. काळजीचा मुक्काम लांबला की तिचा शेवट सरकारी कागदावर होतो. आणि सारस निदान ओळख दाखवतो. पाल तेही दाखवत नाही. तिच्यासाठी आपण फक्त एक मोठा, उबदार धोका असतो.

ओळख हवीच असेल तर तिला पकडण्याची गरज नसते. जेराल्ड डरेल या ब्रिटिश लेखकाने कॉर्फू बेटावरच्या बालपणावर १९५६ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात जेरोनिमो नावाची एक पाल आहे. ती त्याच्या खोलीच्या भिंतीवर राहते, पलंगाभोवतीचे किडे खाते, एका प्रार्थनाकीटकाशी जीव तोडून लढते. पोरगा अंथरुणात पडून हे सगळं पाहतो. त्याने घरात नाना प्राणी पाळले, पण जेरोनिमोला त्याने डब्यात घातलं नाही आणि म्हणूनच त्याला ती लढाई पाहायला मिळाली. आपल्या बाल्कनीच्या दिव्याखाली रोज रात्री साडेआठला हा खेळ फुकट सुरू असतो. मुलांना तो दाखवावा. पालीच्या पायांच्या बोटांवर लाखो सूक्ष्म केस असतात आणि रेणूंच्या क्षीण आकर्षणाच्या जोरावर ती काचेलाही धरून राहते, हे शास्त्रज्ञांनी २००० सालच्या सुमारास प्रयोगाने दाखवलं. तिला पापण्या नसतात, म्हणून ती डोळे जिभेने पुसते. हे सगळं भिंतीवरच दिसतं, डब्यात पाल फक्त कोपरा धरून बसते.

आता सोडण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. पिल्लू बरं झालं की त्याला 'छान जंगलात' सोडावं अशी सदिच्छा असते. रविवारी सहकुटुंब पांडवलेणीला किंवा सोमेश्वरला जाऊन पिशवी उघडली जाते. ही सदिच्छा महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे, बिबट्यांवर. जुन्नर परिसरात शतकाच्या सुरुवातीला उसात दिसणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने ते २०११ मध्ये मांडलं. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी गोंधळतो, आपलं ठिकाण शोधत भटकतो. त्यानंतरच्या काळात आपल्याकडे शहाणपण आलं. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे ऊसतोडणीत बिबट्याची पिल्लं सापडली की ती त्याच शेतात टोपलीत वा क्रेटमध्ये ठेवली जातात, माणसं मागे हटतात आणि रात्री मादी येऊन एकेक पिल्लू उचलून नेते. २०२० च्या ऑगस्टमध्ये इगतपुरी भागात तर एका मादीने झोपडीतच चार पिल्लं घातली होती. जागा तीच ठेवायची, हा त्यातला धडा. बिबट्याच्या बाबतीत तो आईसाठी, पालीच्या बाबतीत तिच्या स्वतःसाठी. पिल्लाला कुठल्या फटीत लपायचं, किडे कुठल्या दिव्याखाली जमतात, मांजर कुठून येतं हे थोडंफार कळायला लागलेलं असतं. म्हणून ते सापडलं तिथून चार पावलांवर, सावलीत, झाडोऱ्याच्या आडोशाला सोडावं. घरातल्या पालीला संध्याकाळी, सरड्या-घोरपडीला सकाळच्या उन्हात.

पण 'सापडलं तिथेच सोडा' असं म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण ती जागाच उरलेली नसते. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डीकडच्या ज्या शेतांवर आता सोसायट्या उभ्या आहेत, तिथल्या बांधांवर, वारुळांत, निवडुंगाच्या कुंपणात ही मंडळी राहत होती. आपल्या घरात ती घुसलेली नाहीत, त्यांच्या घरावर आपलं घर बांधलं गेलं आहे. अंगण होतं तिथे पेव्हर ब्लॉक आले, कुंपणाच्या मेंदीच्या जागी पत्रा आला, महिन्याला कीडनाशकाची फवारणी ठरलेली. शहराबाहेर द्राक्षबागांत औषधांचे जे फवारे चालतात, त्यात मेलेला किडा कुणीतरी खातंच. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा झाडांची संख्या, वय, जात यांवर पुष्कळ बोलणं झालं. खोडाच्या सालीत आणि मुळांच्या पोकळीत राहणाऱ्यांची शिरगणती कुणी केली नाही.

जागा बदलली की प्राणी कसा बदलतो, याचा एक चोख अभ्यास साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर झाला आहे. तिथे पंख्यासारखा रंगीत गळा फुलवणारे सरडे आहेत आणि पवनचक्क्याही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, तशी सरड्यांची संख्या वाढली. पण ते सरडे अंगाने किरकोळ झाले होते, त्यांचे रंग फिके होते आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. सरड्यांना कुणी हातही लावला नव्हता. वर आकाशात फक्त पाती फिरत होती, तेवढ्याने त्यांची भीतीसुद्धा बदलली.

म्हणून डबेवाल्यांकडे माझं मागणं डब्यापलीकडचं आहे. पिल्लासाठी ज्या हळव्या मनाने तुम्ही रात्रभर जागता, त्याच मनाने सोसायटीच्या सभेत उभं राहून बोला. कुंपणालगत दोन हात रुंदीची पट्टी फरशीविना सोडा म्हणा, तिथे पालापाचोळा आणि चार दगड राहू द्या म्हणा. गोंदाचे पुठ्ठे बंद करा म्हणा. सभेत हसतील, हसू द्या. एका पिल्लाला रात्रभर सांभाळणं सोपं आहे, कारण त्याला विरोध करणारं कुणी नसतं.

आणि कायद्याचंही लक्षात ठेवा. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. या कायद्यात नुसतं पकडणंही शिकारीच्या व्याख्येत बसतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार रुपये. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरातल्या पालीसाठी कुणी तुमच्या दारात येणार नाही, पण घोरपडीचं पिल्लू, जखमी सरडा किंवा ओळख न पटणारं काहीही सापडलं तर वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ फिरवा आणि सापडल्याची नेमकी जागा सांगा, कारण त्याला परत तिथेच जायचं आहे.